आबा म्हणतात, लय न्हाई

एखाद्या वस्तूची किंमत ऐकून माणूस आधी हसतो, मग गप्प होतो, मग ती वस्तू उलटीपालटी करून बघतो आणि शेवटी म्हणतो, "तरीपण…" हा 'तरीपण' ज्याच्या तोंडून बाहेर पडला, तो गेला. त्याला मी वाचवू शकत नाही. माझ्या काउंटरपाशी मी असे पुष्कळ 'तरीपण' ऐकले आहेत आणि खरं सांगते, त्यांतल्या प्रत्येकाने मला गुदगुल्या केल्या आहेत.

माझं दुकान वलवणला, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. लोणावळ्यात राहून चिक्कीचं दुकान न काढणारी बाई म्हणून लोकांनी मला आधी वेड्यात काढलं. नंतर त्यांचे मिक्सर बंद पडले, टीव्हीला मुंग्या आल्या, तेव्हा मी शहाणी झाले. त्याआधी बरीच वर्षं मी तळेगावकडच्या एका कारखान्यात सर्किट बोर्डांना सोल्डरिंग करत होते. रांगेत बायका, प्रत्येकीच्या हातात डाख द्यायची पेनासारखी तापलेली इस्त्री, नाकात धूर आणि मान खाली. तिथं हात बसला, पण मी बसले नाही. मला एका जागी बसवतच नाही. आताही हे लिहिताना मधेच उठून शेजाऱ्याच्या रेडिओचं झाकण उघडून आले.

बाहेरच्या माणसाला हा धंदा सांगायचा तर एवढंच: लोणावळ्याची हवा तांब्याला खाते. पावसाळाभर ढग घरात येऊन बसतात, आणि मग बॅटरीच्या खोबणीत हिरवी-पांढरी बुरशीसारखी साय धरते. ती व्हिनेगरने पुसायची, पत्रा घासायचा, निम्मी यंत्रं तिथंच जिवंत होतात. उरलेल्यांपैकी काही पर्यटकांनी धबधब्यात बुडवलेली असतात. एका मुलाची गेम खेळायची डबी आली होती, तिचं डावं बटण हलेचना. उघडून बघते तर आत शेंगदाण्याची चिक्की. गूळ उन्हाने वितळून बटणाखाली शिरला होता आणि थंडीत गोठला होता. त्याची आई म्हणाली, "वॉरंटीत बसेल का?" मी म्हटलं, "बाई, हे नैवेद्यात बसेल."

तर गेमच्या डब्या. इथूनच माझी गोष्ट सुरू होते.

तुंगार्लीला एक बंगला आहे. मालकाचं नाव अनिकेत, पुण्यात कॉम्प्युटरचं काम, तिशी ओलांडलेली, पण शुक्रवारी संध्याकाळी लोणावळ्यात उतरला की वय निम्मं होतं. तो एकदा जुनी राखाडी डबी घेऊन आला. वीटभर जाड, डावीकडे बेरजेच्या खुणेसारखं बटण, उजवीकडे दोन गोल बटणं, आणि पडदा शिळ्या पालकाच्या भाजीच्या रंगाचा. मला वाटलं, गेम अडकला असेल.

"गेम नाही काकू, मी हिच्यावर गाणी करतो."

मी इस्त्री खाली ठेवली. असं काही ऐकायला मिळालं की माझी दिवाळी असते.

त्याने समजावलं ते असं. डबीच्या पोटात आवाज काढणारी एक चिप असते. तिला एका वेळी फक्त चार आवाज जमतात: दोन पिपाण्या, एक जरा घोगरा गळा, आणि चौथा नुसता खरखराट. त्या खरखराटातून लोक ढोल काढतात. गेमच्या कॅसेटऐवजी संगीताची कॅसेट घालायची, की पडद्यावर एक तक्ता येतो. एकेका घरात एकेक सूर ठेवायचा. डबी वरून खाली घरं वाचत जाते आणि गाणं वाजतं. बस.

आता ती कॅसेट, डबीला दुसऱ्या वाद्यांशी जोडणारे अडॅप्टर, मागून उजेड देणारा पडदा, या सगळ्या वस्तू बाजारात मिळत नाहीत. जगात कुठेतरी एक माणूस आपल्या खोलीत बसून मूठभर बनवतो. त्या संपल्या की त्याला कंटाळा येतो. मग त्या नखाएवढ्या बोर्डाची किंमत अख्ख्या डबीपेक्षा जास्त होते, वर त्याला साधं प्लॅस्टिकचं टोपणसुद्धा नसतं. अनिकेत दर महिन्याला त्यातलं काहीतरी मागवायचा आणि बसवून घ्यायला माझ्याकडे आणायचा.

मी त्याला शंभरदा सांगितलं, "अरे, हाच आवाज फोनवर फुकट येतो."

"तो आवाज वेगळा, काकू."

मी दुष्ट बाई. मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन पडदा ओढला आणि एकदा फोनवरून, एकदा डबीवरून तीच धून वाजवली. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि मोठ्या खात्रीने फोनला डबी म्हणून कौल दिला. मी पडदा बाजूला करून नाटकातल्यासारखी वाकले. तोही हसला, मनसोक्त हसला, आणि डोळे पुसत म्हणाला, "तरीपण…"

त्याचं म्हणणं होतं, फोनवर सगळंच करता येतं म्हणून काहीच होत नाही. डबीवर फक्त हेच करता येतं. मला ते पटलं. मी म्हटलं, "मग एक तरी गाणं पूर्ण ऐकव."

त्याने डबी पिशवीत टाकली. म्हणाला, "चालू आहे."

त्याच्या बंगल्याची बाग आणि पाण्याची मोटार सांभाळायला टाकवे बुद्रुकचा सोपान यायचा. दणकट गडी, बोलताना हातांनी हलगी वाजवल्यासारखं करायचा, कारण खरोखरच हलगी वाजवायचा. त्याच्या चुलत्याची, म्हणजे आबांची, बेंजो पार्टी होती. मावळात लग्न, हळद, यात्रा, काहीही असो, टेम्पोवर भोंगे आणि वाद्यं चढवून पुढे बेंजो निघायचा. बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा विजेवर चालणारा थोरला भाऊ: डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आबा तो वाजवायला लागले की म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचायच्या. मी स्वतः एकदा कान्हे फाट्यावर भाजीची पिशवी खाली ठेवून नाचले आहे. भाजी कोणीतरी नेली. त्याचं दुःख नाही.

मग आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालू लागले, आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. व्हय, न्हाई, च्या. बेंजोवर काकींनी, म्हणजे आबांच्या बायकोने, चादर टाकली.

अनिकेतने नवी डबी घेतली तेव्हा जुनी, कॅसेटसकट, सोपानला देऊन टाकली. सोपानने ती आबांच्या डाव्या हातात दिली. त्याचा हिशोब सरळ होता: हिला अंगठा पुरतो. आणि खरंच, आबांनी त्या तक्त्यात एका अंगठ्याने सूर भरायला घेतले. अक्षरं वाचता येत नव्हती, पण कोणत्या घरात काय ठेवलं की काय वाजतं हे कानाने पकडत गेले. त्यांच्या जुन्या सगळ्या चाली एकेक करून डबीत उतरल्या. सोपान मला हे सांगायला आला तेव्हा त्याचा चेहरा असा, की जणू घरात पाळणा हलला.

त्यातच कार्ल्याचं लग्न आलं. नवरदेव आबांच्या थोरल्या बहिणीचा नातू. त्या घरातल्या प्रत्येक लग्नात आबांचा बेंजो वाजला होता. तो पोरगा टाकव्याला आला आणि म्हणाला, "आबा टेम्पोत बसणार आसतील तर बेंजो पार्टी. न्हाईतर मी डीजे सांगतो, मग कुणी रुसायचं न्हाई." सोपानने होय म्हटलं. आबांनीही मान हलवली. डबी भोंग्याला जोडली, पोरांनी ढोल-ताशे काढले, पहिली तालीम झाली. आबांनी ऐकलं, डबी मांडीवरून बाजूला सारली आणि म्हणाले, "लय न्हाई."

दुसऱ्या दिवशी सोपान माझ्या काउंटरवर.

"मावशी, आबा म्हणत्यात, लय न्हाई."

मला कळलंच. पुण्याकडच्या वाचकाला सांगते, आमच्या मावळात 'लय' म्हणजे खूप. लय ऊन, लय गर्दी, लय भारी. तेव्हा 'लय न्हाई' म्हणजे आवाज पुरेसा नाही. डबीचा स्वतःचा भोंगा डासाएवढा. तिच्या कानात घालायच्या वायरीतून आवाज घेतला तर तो पातळ येतो. यावर उपाय आहे. आवाजाचं बटण लागण्याआधीच, चिपच्या जवळून दोन तारा काढायच्या आणि बाजूला नवीन सॉकेट बसवायचं. स्वच्छ आणि दणदणीत आवाज येतो. मी ते केलं. भोंग्याला लावून बघितलं तर समोरच्या किराणावाल्याच्या बरण्या थरथरल्या आणि तो शिव्या देत बाहेर आला. मी त्याला वाकून नमस्कार केला.

दोनच दिवसांत सोपान परत.

"आबा म्हणत्यात, लय न्हाई."

"अजून लय? अरे, माणसं बहिरी करायचीत का?"

"काय म्हाईत. नुसतं तेच म्हणत्यात."

मग आम्ही खालच्या आवाजाच्या मागे लागलो. मोठा स्पीकर जोडला, घोगऱ्या गळ्याला दम भरला. छातीत धडधडेल असा खर्ज काढून दिला. सोपान खूश होऊन गेला आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातांतली हलगी थांबली होती. त्याने डबी दोन्ही हातांनी उचलून काउंटरवर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या मावशी. आबांस्नी पसंत न्हाई. आता डबीकडं बघत बी न्हाईत, भिंतीकडं त्वांड करून बसत्यात. मी कार्ल्याला सांगतो, डीजे बघा म्हणून."

"आणि आबा?"

"आबा घरी."

तो गेला. मी एक रेडिओ उघडला, बंद केला. एका पंख्याची वाइंडिंग काढायला घेतली, सोडून दिली. चहा केला, तो प्यायचा राहिला. 'पसंत नाही' हे मला पटेना. ज्या माणसाने एका अंगठ्याने इतक्या चाली भरल्या, त्याला ती वस्तू पसंत नाही? न आवडलेल्या वस्तूवर कोणी एवढा जीव टाकतं का? शेवटी मी शटर ओढलं, डबी पिशवीत टाकली आणि स्कूटर टाकव्याकडे काढली.

उन्हाळ्याचे दिवस. वाटेत शेताशेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले, काळे चौकोन आणि शेणकुटांचा धूर. आबा पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, खरंच भिंतीकडे तोंड करून. मला बघून काकी म्हणाल्या, "बघा बाई, सासरी निघालेल्या नव्या नवरीगत रुसून बसलंय."

मी खुर्चीच फिरवली. आबांसकट. ते इतके दचकले की हसले. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं.

"सोपान, लाव डबी आणि हलगी घे. मला बघायचंय."

सोपानने डबी चालू केली. चाल अशी सुरेख, की माझे खांदे आपोआप हलले. सोपान हलगी वाजवत डबीच्या मागे मागे धावत होता. मी आबांकडे बघत होते. त्यांचा डावा पाय जमिनीवर ठोके देत होता. थोडा वेळ पाय आणि डबी बरोबर होते. मग पायाला जोर आला, तो पुढे निघाला. डबी मागेच. पाय घुटमळला, परत डबीपाशी आला. पुन्हा पुढे निघाला. पुन्हा अडला. मग पाय थांबलाच, आणि आबांनी तोंड फिरवलं.

डबी बंद करताना सोपान पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, ह्याच्यात टेम्पो बी लिवलाय, बघितला का?"

"कसला टेम्पो?"

"ह्यो काय. टेम्पो, आन् म्होरं आकडा. मला वाटलं, डबीवाल्यानं गाडीचा नंबर टाकलाय."

काकींसकट सगळे हसले. मी पण. हसता हसता म्हटलं, "अरे येड्या, हा माल वाहायचा टेम्पो नाही. हा गाण्याचा वेग. आकडा एकदा टाकला की डबी त्याच वेगाने चालणार. आपल्याकडे ह्यालाच म्हणतात लय."

खुर्चीच्या हातावर थाड्कन आवाज झाला. आबांचा डावा हात.

"लय!" ते ओरडले. "लय न्हाई! लय न्हाई!"

सोपानच्या हातातून हलगीची काडी पडली.

आम्ही आवाज वाढवत बसलो होतो, खर्ज वाढवत बसलो होतो. माणूस बिचारा एवढंच सांगत होता की ह्यात माझी लय नाही. बेंजो पार्टीत कोणाचीच लय आकड्यावर नसते. पुढे नाचणाऱ्यांचे पाय बघून बेंजोवाला लय चढवतो, दमलेत असं वाटलं की उतरवतो, कोणी अंगात आल्यासारखा नाचायला लागला की त्याच्यासाठी सगळ्यांना पळवतो. हलगी, ताशा, ढोल त्याच्या मागे. आबा आयुष्यभर पुढे होते. डबीने त्यांना मागे बसवलं होतं.

सोपान हळूच म्हणाला, "आबा, मग आधी नीट सांगायचं न्हाई व्हय?"

आबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की काकी म्हणाल्या, "आता त्यांनी अजून कसं सांगायचं? निबंध लिवायचा का?"

उजवा हात गेला होता, पण डावा पाय जिवंत होता. मी त्याच दिवशी एका जुन्या शिलाई मशीनच्या मोटरचा पायाने दाबायचा स्विच काढला आणि त्याची तार डबीच्या कडेच्या खोबणीत घातली. ह्या संगीताच्या कॅसेटला तेवढी सोय असते: बाहेरून ठोका आला की ती एक घर पुढे जाते. आबांनी पाय दाबला आणि डबीने एका दाबाला तीन उड्या मारल्या. त्याचं कारण, स्विच दाबला की आतली पत्री थरथरते आणि एकदाच्या ऐवजी दोन-तीनदा लागते. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, डबीला दिसतं. एक छोटा कपॅसिटर घालून ती थरथर घालवली. मग एक दाब, एक घर. आबांचा चेहरा उजळला.

पण एका ठोक्याच्या पोटात चार घरं असतात. नाचायच्या वेगाला प्रत्येक घरासाठी पाय मारायचा म्हणजे उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीसारखा चालवायला हवा. आबांनी चालवला. हट्टाने चालवला. दुसऱ्या दिवशी पोटरीत गोळे आले, पाय सुजला, आणि काकींनी मला फोन केला, "मावशीबाई, माणसानं माणसं नाचवायची, का तुमच्या डबीनं माणूस नाचवायचा?"

यावर उत्तर होतं. मला ते ठाऊकही होतं, म्हणून तर जास्त तगमग होत होती. दोन ठोक्यांमधलं अंतर मोजून मधली घरं स्वतः भरणारा, ठोका उशिरा आला तर घरात थांबून राहणारा एक अडॅप्टर असतो. तोच, खोलीत बसून मूठभर बनवणाऱ्या माणसाचा. अनिकेतने मागे त्याचं कौतुक सांगितलं होतं तेव्हा मी म्हणाले होते, "एवढ्या पैशांत खरा ढोलकीवाला येतो, वर त्याला जेवायलाही घालता येतं."

आता मीच त्याला फोन लावला. सरळ विचारायची लाज वाटली, म्हणून आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, बागेतल्या मोटारीची चौकशी केली.

"काकू, काय हवंय ते सांगा ना."

"तो अडॅप्टर. फार महाग आहे ते माहीत आहे मला. तरीपण…"

पलीकडून जो हशा आला, तो पुण्यातल्या त्याच्या अख्ख्या ऑफिसाने ऐकला असणार. हसणं संपल्यावर तो म्हणाला, "माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. घेऊन येतो."

"पाकीट फोडलं नाहीस? मग घेतलास कशाला?"

"गाणं पूर्ण झालं की लागेल म्हणून."

तो आला, आणि त्याने ती नखाएवढी वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. मी किंमत विचारली. त्याने कानात सांगितली. मी स्टुलावर बसले, म्हणजे बघा. तो आकडा इथं लिहीत नाही, हे ज्यात छापून येईल तो अंक काकींच्या घरी जाणार आहे.

हल्ली लोक दुकानात येऊन विचारतात, मावशी, ह्या असल्या वस्तू घ्याव्यात का? मी उलट विचारते, ह्याच्यावाचून तुमचं नेमकं काय अडलंय? बहुतेकांचं काहीच अडलेलं नसतं. त्यांना मी चहा पाजते आणि परत पाठवते. पण ज्याचं खरंच अडलंय त्याला ती वस्तू महाग की स्वस्त, हे मला सांगता येत नाही. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं तेच कळत नाही.

लग्न गोरज मुहूर्ताचं. दुपार कलली तसा नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावरून मांडवाकडे निघणार होता. टेम्पो फुलांनी सजवला होता. पुढे खुर्ची दोरीने बांधली, खुर्चीत आबांना उपरण्याने बांधलं, पायाखाली स्विच. डबी त्यांच्या डाव्या हातात. चाल बदलायची तर अंगठा दाबायचा. मी आणि काकी टेम्पोत त्यांच्या मागे, माझ्या पिशवीत इस्त्री आणि वायरी. अनिकेत खाली गर्दीत, गळ्यात कोणाचा तरी भगवा गमछा. बांधताना सोपान आबांच्या कानाशी म्हणाला, "आबा, नवरदेवानं डीजेवाल्याला फाट्याव हुबा केलाय. आपलं बंद पडलं तर लगीच बोलावणार." आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर घोटाळा. टेम्पो उसळला, स्विच आपोआप दाबला गेला, आणि चाल ठेच लागल्यासारखी कोलमडली. नाचणारे थबकले. नवरदेवाच्या एका मित्राने खिशातून फोन काढलेला मी बघितला. मी काकींच्या बसायच्या गोधडीवर झडप घातली.

"अवो, काय करताय?" काकी ओरडल्या.

"उठा, उठा!"

घडी करून गोधडी स्विचखाली सारली, ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "पायी चालल्यासारखा चालव रे बाबा!" सोपानने हलगीवर एक थाप मारून वेळ मारून नेली. आबांनी पाय टाकला.

आणि मग डबी आबांच्या मागे निघाली.

सुरुवातीला त्यांनी तिला सावकाश चालवली, घाटातल्या बैलगाडीसारखी. बायका पुढे झाल्या. आबांची नजर त्यांच्या पायांवर. एकीने गिरकी घेतली तसा त्यांनी ठोका किंचित पुढे ओढला, सोपानची हलगी मागे धावली, ताशा धावला, पिपाण्या चढल्या. पोरं आत घुसली. अनिकेत तर असा नाचत होता, की त्याच्या कंपनीने बघितलं असतं तर सुट्टी वाढवून दिली असती. फोन काढलेला तो मित्र फोन खिशात टाकून दोन्ही हात वर करून उडत होता. मागे पुण्याकडे जाणाऱ्या बसेस अडकल्या, त्यांच्या खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवायला लागले. भाताच्या मोकळ्या खाचरांवरून आवाज फिरून परत येत होता. आबा लय चढवत होते, उतरवत होते, परत चढवत होते. मी त्यांच्या मागे उभी राहून वायरींकडे बघायचं विसरले होते.

मांडवाची कमान समोर आली. भटजी घड्याळ दाखवत दारात उभे. पोरं ओरडायला लागली, "आबा, पळवा! पळवा!" आबांनी पळवली. पाय दिसेनासा झाला. सोपानच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, त्याला पुसायला सवड नव्हती. सगळं गाव उसळत होतं. आता कळस होणार, सगळ्यांना कळलं होतं.

आणि आबांनी पाय उचलला.

सगळा आवाज एकदम गेला. डबी गप्प. सोपानची काडी हलगीच्या वर हवेत. नाचणारे हात वर केलेले, एक पाय उचललेले, जागच्या जागी. कुठेतरी एक बांगडी किणकिणली तेवढीच.

अनिकेतने घाबरून माझ्याकडे बघितलं. "काकू, अडकलं?"

मी डबीकडे बघितलं. दिवा चालू होता. अडॅप्टर चालू होता. पुढचं घर तयार होतं. डबी ठोक्याची वाट बघत होती.

"न्हाई," सोपान कुजबुजला. त्याचे डोळे आबांच्या पायावर खिळलेले. "त्येनी धरून ठिवलंय."

भटजी ओरडले, "अहो, मुहूर्त टळतोय!" नवरदेवाची आई कमरेवर हात ठेवून पुढे आली. नवरदेव घोड्यावरून हात जोडून म्हणाला, "आबा, टाका की पाय! पाया पडतो तुमच्या!"

आबांनी त्याच्याकडे बघितलं. मग सावकाश मान फिरवून सगळ्यांकडे बघितलं. बायकांकडे, पोरांकडे, आवाज ऐकून फाट्यावरून आलेल्या डीजेवाल्याकडे, बसच्या खिडक्यांतून बाहेर लोंबणाऱ्या माणसांकडे. एकेकाकडे. कोणालाही हलता येत नव्हतं. त्यांचं अर्धं तोंड हसत होतं.

"थांब," आबा म्हणाले. शब्द स्पष्ट होता.

पाय वरच होता.